खाली उतरत गेलेले पट्टे

भाऊ, काल तुमचा शेवटचा पट्टा पुसून आले. नखांत डांबर गेलंय, रॉकेलनं घासूनही निघत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "राहू दे बाई, नेलपॉलिश लावलं समज." आता असं कोणी म्हणत नाही. ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जसं काही मीच आजारी आहे. मला त्यांचा राग येतो, आणि राग आला की तो कोणावर काढायचा हे समजत नाही, कारण तो झेलायला तुम्ही नाही.

आधी वाईट बातमी सांगून टाकते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी. तुमच्यावरचा डाग गेला नाही. तुमचं प्रकरण बंद झालं, पण कर्मचारी वारला म्हणून बंद. निर्दोष होता म्हणून नाही. लाकूड तुम्ही खाल्लं असं कोणी म्हटलं नाही आणि खाल्लं नाही असंही कोणी म्हटलं नाही. मी साहेबांना म्हटलं, साहेब, एक ओळ तरी लिहा. ते वाईट माणूस नाहीत, तुम्हालाही ठाऊक आहे. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "अब किसके लिए, वंदना जी?" मला तिथल्या तिथे दहा उत्तरं सुचली. एकही तोंडातून निघालं नाही. तुम्ही नेहमी म्हणायचात, तुझी जीभ फक्त माझ्यावरच चालते. खरंच आहे ते.

तुमचं तेरावं झाल्यावर गढ्याला तुमच्या घरी गेले होते. वहिनींनी चहा टाकला, तुमचा कप काढला, परत ठेवला. मग विचारलं, "वंदना, हे पट्टा-पट्टा काय म्हणून राहिले सगळे? मला तर बापा फक्त बटण माहीत आहे." इतकी वर्षं संसार केलात आणि त्यांना एकदाही कूपात नेलं नाहीत, भाऊ. तेव्हा मीच सांगितलं. तोडीसाठी जंगलाचा तुकडा आखला की तो कूप. त्यात तोडायचं झाड ठरलं की छातीच्या उंचीवर फीत गुंडाळून त्याची गोलाई घ्यायची. जिथे फीत लागली तिथे साल तासून गेरूचा पट्टा ओढायचा आणि खाली बुंध्याशी सरकारी हातोड्याचा ठसा मारायचा. त्या गोलाईवरून झाडात लाकूड किती निघेल याचा अंदाज बांधतात. आणि छातीची उंची म्हणजे ज्याची त्याची छाती नव्हे, ती सरकारनं ठरवलेली एकच उंची. त्यासाठी मोजलेली काठी मिळते. मग त्यांना म्हटलं, भाऊ ती काठी कधी नेत नव्हते, वहिनी. त्यांची काठी म्हणजे तुमचं बटण.

त्यांना ते माहीत होतंच. प्रत्येक नवा खाकी शर्ट आला की तुम्ही अंगणात ताठ उभे राहायचात. वहिनी जमिनीपासून टेप लावून खडूची खूण करायच्या आणि बरोबर त्या जागी एक काळं बटण शिवायच्या. बाकी सगळी खाकी, एक काळं. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाच्या घरी बटणांचा तुटवडा आहे. तुम्ही झाडाला छाती टेकवायचात, बटण जिथे लागेल तिथे अंगठा ठेवायचात, आणि त्याच अंगठ्यावरून फीत फिरायची. काठीची चेष्टा करायचात. "काठी आंधळ्याला लागते," हे तुमचं ठरलेलं वाक्य.

माझा पहिला दिवस आठवतो का? शहरातल्या कांचघरची मुलगी, बाप फॅक्टरीत, जंगल पाहिलं ते सहलीपुरतं. जीपमधून उतरले तर कोणीतरी म्हणालं, मॅडम गाडीतच बसतील, लिहायचं काम करतील. तुम्ही माझा डबा बघितलात, त्यातला ठेचा बघितलात, आणि विचारलंत, "नागपूरकडची का?" मी म्हटलं, आजोबा तिकडचे. तेव्हा तुम्ही एकदम म्हणालात, "जय भीम. चल मग, उतर. झाडं काही गाडीत येऊन बसणार नाहीत." त्या दिवसापासून फीत तुमच्या हातात आणि वही माझ्या. तुम्ही ओरडायचात, "साग, नव्वद!" आणि मी तेच परत ओरडल्याशिवाय पुढच्या झाडाकडे पाऊल टाकायचा नाहीत. ऐकू आलं की नाही याची तुम्हाला खात्री हवी असायची. साहेबांना द्यायच्या शिव्या आपण मराठीत द्यायचो, कारण बाकी कोणाला कळत नव्हत्या. माझी मराठी या जंगलात टिकली, भाऊ. घरी तर भाचरं सगळी हिंदीत बोलतात.

बरगीच्या कूपात तुम्ही हिवाळाभर पट्टे मारत होतात. रस्त्याच्या कडेकडून सुरुवात केलीत आणि वर डोंगराच्या धारेकडे चढत गेलात. त्या वेळी मी दुसऱ्या बीटला, जंगलाच्या दुसऱ्या हद्दीत होते, तुमच्याबरोबर नव्हते. पुढच्या मोसमात रस्त्याकडचा अर्धा भाग तुटला, लाकूड डेपोत गेलं, आणि तुमच्या नापापेक्षा कमी भरलं. फार नाही, पण कमी. रस्त्याला लागून कूप, म्हणजे गाडी लावायला सोयीचा. लोकांना आणखी काय पाहिजे? नाप तुमचं, राखण रामदीनची. खुलासा तुमच्याकडे मागितला आणि रामदीनला चौकीदारीवरून घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

मी तेव्हा म्हटलं होतं, कर नाही त्याला डर कशाला, चला, उभं जंगल बघून येऊ. वरचा अर्धा भाग अजून तुटायचा होता. तुम्ही पट्टे ओढलेले साग तिथे तसेच उभे होते. आपण रस्त्यापासून वर चढायला लागलो. तुम्ही पुढे, मी मागे. तुमचा पट्टा नेहमी माझ्या खांद्याला येतो, हे मला इतक्या वर्षांत न मोजता माहीत झालं होतं. कापलेल्या भागाच्या वर पहिल्याच झाडाला हात लावला तर तो खांद्याच्या थोडा खाली. वाटलं, जमीन उंचसखल आहे. पुढच्याला आणखी थोडा. तुम्ही तलावाचं पाणी किती उतरलं ते सांगत होतात आणि मी एकेका झाडाला खांदा लावून बघत होते. वर जाऊ तसा पट्टा खाली येत होता. धारेजवळ पोचलो तेव्हा तो माझ्या काखेच्याही खाली होता.

"भाऊ, पट्टा खाली येऊन राहिला."

"उतार आहे. उताराला वरच्या बाजूनं उभं राहून नापायचं असते, शिकवलं ना तुला?"

"वरच्याच बाजूनं उभी आहे मी."

"मग तू वाढली असशील," असं म्हणून तुम्ही एकटेच हसलात.

मी काठी आणली होती. लपवून नाही, हातात होती, तुम्ही मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हतात. ती बुंध्याशी टेकवली. काठीचं टोक वर आणि पट्टा खाली, मधे कोरी साल. तुम्ही पाहिलंत. तुम्हाला सांगायची गरज नव्हती, हे सगळं तुम्हीच मला शिकवलेलं. बुंधा खाली जाड असतो. पट्टा खाली आला की गोलाई वाढते, गोलाई वाढली की कागदावर लाकूड वाढतं, आणि ते झाडात नसतंच, तर डेपोत येणार कुठून?

तुम्ही माझ्या हातून काठी घेतलीत आणि गुडघ्यावर मोडायला गेलात. मोडली नाही. तुमच्याच पाठीत काहीतरी झालं, तोंड वेडंवाकडं झालं, आणि तुम्ही मटकन खाली बसलात. मी पाण्याची बाटली पुढे केली तर हात झटकलात.

"काय लिहून देऊ साहेबाले? चोर नाही मी, वाकलो आहे?"

"हो! तेच लिहा."

"मी वाकलो नाही."

"भाऊ, नाप बरोबर आहे असं लिहिलं ना तुम्ही, तर रामदीन चोर ठरते. कळून राहिलं का तुम्हाला?"

यावर तुम्ही पाचोळ्यात हात घातलात. शब्दानं शब्द वाढला असता तर बरं झालं असतं, आपल्याला भांडायची सवय होती. पण तुम्ही वाळकी पानं उलटीपालटी करत राहिलात. मग म्हणालात, "विचार करतो." मला त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता की परतताना स्कूटरवर मी तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला स्वतःच्या ताठ पाठीचा गर्व आहे आणि त्यापायी एका गरिबाची रोजी जातेय. मी बरोबर होते की चूक, हे मला आजही माहीत नाही, आणि भांडण पुरं करायला तुम्ही थांबला नाहीत.

मग दुखणं वाढलं आणि तपासण्या झाल्या. मणक्यात रोग पसरला होता आणि एकेक मणका आतून बसत चालला होता. डॉक्टरनं तुमच्या मुलाला विचारलं, "इनकी हाइट कब से कम हो रही है?" तो वहिनींकडे बघायला लागला, वहिनी माझ्याकडे. घरात कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. मला माहीत होतं. झाडागणिक माहीत होतं, भाऊ. कुठल्या वळणाशी तुम्ही जेमतेम वाकला होतात, कुठल्या नाल्यानंतर जास्त वाकायला लागलात, सगळं बरगीच्या त्या चढावर उभं होतं, आणि मी मात्र तिथे खोलीत हातातली पिशवी धरून उभी राहिले. लवकर कळलं असतं तर? मी विचारलं डॉक्टरला. त्यांनी खांदे उडवले नाहीत, खोटा धीरही दिला नाही. म्हणाले, कह नहीं सकते. या तीन शब्दांनी माझं जितकं वाईट केलं तितकं सरळ 'हो'नं केलं नसतं.

दवाखान्यात एका दुपारी वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "किती खाली होता ग शेवटचा?"

मी हातानं दाखवलं. तुम्ही डोळे उघडून पाहिलंत आणि परत मिटलेत.

"खुलासा लिहिला असता मी. पण मग हिला कळलं असतं." तुम्ही थांबून थांबून बोलत होतात. "बटण हिनं शिवलं. हिला वाटलं असतं, माझंच मोजायचं चुकलं. जन्मभर तेच धरून बसली असती. तू ओळखत नाही तिला."

म्हणजे गर्व नव्हता. किंवा गर्वही असेल, तुम्ही काही देव नव्हतात. पण त्याखाली हे होतं, आणि ते तुम्ही त्या धारेवर मला सांगितलं असतं तर मी स्कूटरवर तशी बसले नसते. मी म्हटलं, मग आता मी लिहू का? रामदीनचं काय? तुम्ही म्हणालात, "लिही. रामदीनसाठी लिही. पण हिला नको सांगू." नंतर तुम्ही माझ्याशी जे बोललात ते सगळं गुंगीतलं. "साग, नव्वद" म्हणायचात आणि थांबायचात. मी "साग, नव्वद" म्हटलं की मगच पुढचं झाड. नर्सला वाटायचं, काहीतरी बडबडतात. मी सगळी झाडं परत म्हटली. जेवढी तुम्ही बोललात तेवढी सगळी.

मी लिहून दिलं. पण माझा कागद साहेबांच्या टेबलावर पोचला आणि तुम्ही गेलात, जवळपास एकदमच. साहेब कूपात आले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. जीपमधून उतरून वरपर्यंत चढले, मी काठी लावून दाखवली, त्यांनी दोन्ही जागांवर हात ठेवला. "दिखता तो है," म्हणाले. आणि मग हुकूम दिला की वरचा सगळा भाग काठीनं परत नापायचा, जुने पट्टे तासून डांबर फासायचं, म्हणजे पुढच्या लिलावात घोळ नको. कामाच्या दृष्टीनं हुकूम बरोबरच होता. एका झाडाला दोन पट्टे ठेवायचे नसतात, हे मला कोणी शिकवलं? पण भाऊ, तुम्ही चोर नव्हतात याचा सगळ्या जगात तेवढाच पुरावा उभा होता, आणि तो मिटवायचं काम माझ्या हाती आलं. रामदीनला परत चौकीदारी मिळाली नाही. गेरू आणि डांबराचे डबे उचलायला तेवढं मी त्याला घेतलं, माझ्याच्यानं तेवढंच झालं.

आणि वहिनींना कळलं. पट्टे खाली आल्याचं लोकांकडून त्यांच्या कानावर होतंच, बाकीचं मी सांगितलं नाही, त्यांनी ओढून काढलं. पट्टा म्हणजे काय ते मी समजावून सांगत होते ना, तेवढ्यात त्या उठल्या आणि तुमचा धुतलेला शर्ट घेऊन आल्या. काळ्या बटणावर बोट ठेवून म्हणाल्या, "खरं सांग. माझं चुकलं का? चष्म्याचा नंबर वाढला होता माझा. मी खाली शिवलं का?"

अगदी तेच, शब्दाला शब्द, ज्याला तुम्ही भीत होतात.

आता मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. गप्प बसले असते तर बटण त्यांच्या गळ्यात कायमचं अडकलं असतं. मी टेप मागितला. शर्ट मोजला, तुमच्या आधीच्या उंचीचा हिशेब लावून दाखवला. "बटण बरोबर आहे, वहिनी. एक धागा इकडे-तिकडे नाही. बटण खाली नाही आलं, भाऊ खाली आले."

त्यांनी शर्ट मांडीवर पसरला. मग म्हणाल्या, "समोरून शर्ट लांब दिसायचा मला. म्हटलं धुऊन धुऊन सैल झाला असन. मी दोनदा खालून दुमडून शिवला ग." आणि त्यांनी शर्टाची खालची किनार उलटून मला टाके दाखवले. बारीक, एकसारखे. माणूस डोळ्यांसमोर वाकत होता आणि त्या त्याचा शर्ट आखूड करत होत्या. तुम्ही त्यांना एका दुःखातून वाचवायला गेलात आणि मी त्यांना दुसऱ्यात ढकललं. दोघांनी मिळून काय साधलं, मला सांगा.

तुमचे आभार मानायचे राहून गेले, असं मी इथे लिहिणार होते. पण काम चालू असताना आभार मानलेले तुम्हाला खपायचे नाहीत. "चलो, आगे बढ़ो," एवढंच म्हणाला असता.

तर काल शेवटचा दिवस होता. वर धारेपर्यंत पोचलो. रामदीन पट्टा तासायचा, मी डांबर फासायचे, मग काठी, फीत, नवा पट्टा. मी गोलाई ओरडायचे आणि रामदीन परत ओरडायचा, त्याला कोणी शिकवलं नव्हतं तरी. प्रत्येक झाडाला तुमच्या पट्ट्यात आणि माझ्या पट्ट्यात अंतर वाढत होतं आणि ते बघायची सवय होईल असं मला वाटलं होतं. ती झाली नाही.

शेवटचा साग आला. रामदीन कुऱ्हाड घेऊन पुढे झाला. मी म्हटलं, जरा थांब. तो थांबला. झाडाकडे बघून म्हणाला, "दीदी, भैया इतना झुके कब? हम तो रोज साथ रहे."

मी बुंध्याला टेकून उभी राहिले. तुमचा पट्टा माझ्या खांद्याला यायचा, तो आता बरगड्यांशी होता. खांदा परत त्या पट्ट्याला लावायला मी वाकू लागले. गुडघे न वाकवता, नुसती पाठ. खांदा खाली, आणखी खाली. पाठीत कळ आली, मान अवघडली, समोर फक्त माझे बूट आणि पाचोळा दिसत होता. या एवढ्या उंचीवरून तुम्ही दिवसभर चढत होतात, ओरडत होतात, हसत होतात, आणि आम्हाला सगळ्यांना तुम्ही ताठ दिसत होतात.

"बस करो दीदी," रामदीन म्हणाला. "कमर पकड़ लेगी."

मी म्हटलं, थांब. अजून पोचले नाही.